खोबरेल सोडून काहीही

पत्र खानापूर तालुक्यातून आलंय. नाव-गाव देऊ नका असं लिहिलंय, म्हणून देत नाही. मजकूर थोडा आटोपता केलाय.

"काका, नमस्कार. आमचे बाबा मराठी शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले. दिवाळीनंतर त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरवलंय. घरात त्यांची जुनी रेकॉर्डची पेटी आहे. लाकडी, झाकणाची, पुढे स्पीकर, आत गॅरार्ड असं लिहिलेली थाळी आणि 16, 33, 45, 78 अशा आकड्यांचा खटका. पंचवीसेक वर्षं बंद होती. गेल्या मे महिन्यात दादा पुण्याहून आला आणि त्यानं प्लग लावला. फिरली, पण गाणं बसक्या आवाजात, खालून घरघर, आणि सुईचा आर्म मध्येच उठून परत जागेवर जातो. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियननं तेल सोडलं. दोन दिवस बरी चालली, मग आणखी जड झाली. कोल्हापूरचा एक दुकानदार म्हणतो, मोटर बदलू, मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवू, ब्लूटूथ टाकू, एकदम अपग्रेड. दादा म्हणतो, भंगारात घाला, मी सूटकेससारखी नवी पेटी पाठवतो. बाबा म्हणतात, असू दे की तसंच. साठेक रेकॉर्डी आहेत, निम्म्या जुन्या, जड. मला बाबांना न सांगता पेटी रिपेरी करून आणायची आहे आणि त्या दिवशी अचानक लावायची आहे. काय करू? फोटो जोडलाय."

ताई,

फोटो नीट बघितला. पहिला प्रश्न माझाच: त्या माणसानं तेल कुठलं सोडलं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण "दोन दिवस बरी, मग आणखी जड" एवढं वाचलं आणि मला पेटीतून खोबरेलाचा वास यायला लागला. आईंना विचारून बघा, बाटली त्यांच्याच फडताळातून गेली असणार. खोबरेल डोक्याला ठीक. पण पंचवीस अंशांच्या खाली ते गोठायला लागतं, आणि आपल्याकडं डिसेंबरात बाटली उन्हात ठेवल्याशिवाय त्यातून थेंब पडत नाही हे तुम्हाला मी काय सांगू! गोठलं नाही तरी जुनं होईल तसं चिकट होतं, धूळ धरतं. हे मी ऐकून नव्हे, करून शिकलोय. पहिली पेटी हाताशी आली तेव्हा मीही हेच केलं होतं. ती महिनाभरात अशी बसली की थाळी हातानं फिरेना.

तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर होतो. एकतीस वर्षं तिथंच काढली. रेकॉर्डच्या पेट्या हा संध्याकाळचा नाद. त्यामुळं माझा सल्ला गाणं ऐकणाऱ्याचा कमी आणि टर्नरचा जास्त असेल, तेवढं सांभाळून घ्या.

आता घरघर आणि बसका आवाज. या दोन्हींचं मूळ बहुतेक एकाच ठिकाणी आहे, आणि ते मोटरमध्ये नाही. तुमच्या पेटीत मोटर थाळीला थेट फिरवत नाही, पट्टाही नाही. मोटरच्या उभ्या दांड्याला पायऱ्या आहेत, चार स्पीडच्या चार. त्या दांड्याला एक रबरी कडेचं चाक टेकतं आणि तेच चाक दुसऱ्या बाजूनं थाळीच्या आतल्या कडेला घासून तिला फिरवतं. तुम्ही खटका फिरवता तेव्हा चाक वर-खाली होऊन वेगळ्या पायरीला लागतं. पंचवीस वर्षांत ते रबर कडक होतं, वरून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि घसरायला लागतं. घसरलं की थाळी मंद, थाळी मंद की गाणं खाली. त्यात कोणी खटका 33 वर ठेवूनच पेटी बंद केली असेल, तर दांडा इतकी वर्षं रबरात एकाच जागी रुतून बसलेला असतो. तिथं खळगा पडतो आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ठोका बसतो. तुम्हाला येणारी घरघर त्या ठोक्यांची असणार. आणि वरून तेल! तेलाचा एक थेंब त्या रबराच्या कडेला लागला की पुढचं काही बोलायलाच नको.

थाळी काढायला मध्यभागी एक बारीक सर्क्लिप असते. काढताना वर फडकं धरा, ती उडते आणि पलंगाखालीच जाते. थाळीच्या खाली छर्‍यांची चकती आणि वायसर असतात. त्यांचा क्रम मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर आठवत नाही, मलाही नाही आठवत. मग चाक बघा. नखानं दाबलं तर रबर थोडं द्यायला हवं. देत असेल तर नशीब: आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्यानं चाकाची कड, थाळीची आतली कड आणि दांडा पुसा, रबरावर अगदी बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, झालं. नखाला देत नसेल, किंवा खळगा बोटाला लागत असेल, तर रबर नवं चढवून घ्यावं लागेल.

यात एक गोष्ट फार थोड्यांना कळते, म्हणून थोडं थांबतो. लोकांना वाटतं की चाक झिजून लहान झालं म्हणून पेटी मंद झाली. तसं नाही. मधल्या चाकाच्या मापाचा स्पीडशी संबंधच नाही. दांड्याची कड ज्या वेगानं धावते त्याच वेगानं चाकाची कड धावते आणि त्याच वेगानं थाळीची. मधला फक्त निरोप पोचवतो. स्पीड ठरतो तो दांड्याच्या जाडीवर आणि थाळीच्या आतल्या व्यासावर. म्हणून रबर चढवताना बाहेरचा व्यास अर्धा मिलिमीटर इकडं-तिकडं झाला तरी चालेल, पण चाक गोल हवं आणि मधल्या भोकाशी तंतोतंत एककेंद्री हवं. छापखान्याच्या, गिरणीच्या रोलरला रबर चढवून देणारे आहेत, त्यांच्याकडं हे काम होतं. त्यांना सांगा, रबर मऊ पाहिजे, आणि चाक त्याच्याच भोकावर धरून ग्राइंड करा, टूलनं कापू नका. मी एकदा घाईत एका वर्कशॉपला चाक दिलं आणि सांगायचं राहिलं. आलं ते अंड्यासारखं. आख्ख्या रेकॉर्डभर बाई गाताना हेलकावे खात होत्या.

आणि आता हात जोडून सांगतो: मोटरच्या त्या पायऱ्यांच्या दांड्याला कोणालाही पॉलिश पेपर लावू देऊ नका. "जरा चकचकीत करून देतो" म्हणणारा मिस्त्री प्रेमळ असतो, पण 33 च्या पायरीची जाडी सहा-एक मिलिमीटरच्या घरात असते. त्यातून एक दशांश मिलिमीटर गेला की स्पीड कायमचा दीड टक्क्याहून जास्त उतरतो, आणि गेलेलं लोखंड परत येत नाही.

मोटर बदलायची का? नाही. अशा मोटरमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. वर-खाली दोन ब्रॉन्झचे बुश, त्यांच्याभोवती तेल धरून ठेवणारी नमद्याची चकती, बस. जुनं तेल-ग्रीस डिंकासारखं झालेलं असतं. मोटर खोलून, बुश स्वच्छ धुऊन, सुकवून, हलकं टर्बाइन तेल चार थेंब. ते नाहीच मिळालं तर शिलाई मशीनचं तेल. खोबरेल सोडून काहीही, असं मी म्हणतो खरा, पण गंज सोडवायचा तो स्प्रेही नको. तो मळ काढतो, पण वंगण म्हणून टिकत नाही. मोटर ज्या रबरी ग्रोमेटांवर टांगलेली आहे तीही दगड झाली असतील, ती बदला. किरकोळ वस्तू आहे, पण मोटरची थरथर आर्मपर्यंत जाते ती तिथूनच.

सगळं झाल्यावर स्पीड तपासायचा. इंटरनेटवर स्ट्रोबच्या चकत्या छापायला मिळतात. त्यांच्यावर रेघा असतात, विजेच्या लुकलुकत्या दिव्याखाली त्या थांबल्यासारख्या दिसल्या की स्पीड बरोबर. त्यात एक खोडा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा 33 साठी चकतीवर 180 रेघा हव्यात. अमेरिकेची चकती 60 हर्ट्झची असते, 216 रेघांची. ती लावून तुम्ही बसाल तर बरोबर चाललेली पेटी उगाच पळते आहे असं वाटेल. शिवाय आताचे चांगले एलईडी दिवे मिणमिणत नाहीत, त्यांच्या उजेडात रेघा थांबलेल्या दिसतच नाहीत. जुन्या स्विचबोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर मात्र सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्याच्याजवळ चालेल. पण मला विचाराल तर हे काही नको. थाळीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवा, रेकॉर्ड लावा, सुई खाली ठेवा (सुईशिवाय मोजू नका, तिचाही भार असतो) आणि फेरे मोजा. 33⅓ म्हणजे बरोबर तीन मिनिटांत शंभर फेरे. शंभर फेऱ्यांना 3 मिनिटं 11 सेकंद लागले, तर गाणं अर्ध्या सुरानं खाली आहे, काळी चारचा सा पांढरी पाचवर येऊन बसलाय. घरात कोणी हार्मोनियम वाजवणारं असेल तर त्यांच्याकडून सुराचाही अंदाज घ्या, पण भरवसा घड्याळावर ठेवा. त्या काळी रेकॉर्डिंगला गायकानं कुठली पट्टी धरली होती हे आपल्याला कुठं माहीत असतं!

खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं म्हणून पेटी मंद चालते, असंही कोणीतरी सांगेल आणि स्टॅबिलायझर विकेल. अशा मोटरचा वेग मुख्यतः विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, आणि ती 50 च्या आसपास चांगली सांभाळलेली असते. व्होल्टेज फारच खाली गेलं तर थोडा फरक पडेल, एवढंच. घरगुती साध्या इन्व्हर्टरवर मात्र पेटी लावू नका. चौकोनी लाटेच्या करंटवर मोटर गुणगुणते आणि तापते.

आर्म मध्येच उठतो त्याचं कारण पुन्हा ते तेल-ग्रीस. तुमची पेटी आपोआप रेकॉर्ड संपल्याचं ओळखून आर्म उचलणारी आहे. थाळीखाली एक बारीक लोखंडी जीभ असते, ती प्रत्येक फेऱ्याला मागं ढकलली जाते. शेवटच्या खोबणीत आर्म एकदम आत सरकला की ती अडकते आणि गिअरला पकडते. ती जीभ चिकट झाली की मागं जातच नाही, मग अंतऱ्याच्या मध्यातच तिला वाटतं की गाणं संपलं. ती जीभ आणि तिच्या भोवतालच्या पट्ट्या स्पिरिटनं धुवायच्या आणि कोरड्या ठेवायच्या. तिथं तेलाचा थेंबही नाही. तेल सोडायच्या जागा मोजून चार-पाच आहेत. पेटीला भजी समजू नये.

विजेचं थोडक्यात, पण गंभीरपणे. फोटोत आतला अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा दिसतोय. त्यात अडीचशे व्होल्टच्या वरचं काम असतं आणि मोठे कंडेन्सर प्लग काढल्यावरही करंट धरून बसतात. काही साध्या पेट्यांत तर ट्रान्सफॉर्मरच नसतो, आतला लोखंडी सांगाडा सरळ लाईनला जोडलेला असतो. म्हणून मागचं झाकण तुम्ही उघडायचं नाही, दादांनीही नाही. मे महिन्यात त्यांनी थेट प्लग लावला आणि काही झालं नाही, ते देवाचं देणं. इतकी वर्षं बंद असलेली पेटी जाणता मिस्त्री आधी सिरीज बोर्डावर लावतो, साध्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बमधून. बल्ब लख्ख पेटला की आत शॉर्ट आहे हे कळतं आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो. जुने कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलून टाकायला सांगा, कापडी वायर काढून नवी घालायला सांगा, आणि आत ट्रान्सफॉर्मर असेल तर ती तीन पिनची अर्थिंगवाली. व्हॉल्व्ह मात्र खराब असल्याशिवाय बदलू देऊ नका. ते बहुधा गेलेले नसतात. एके काळी बेंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनायचे, जुन्या रेडिओवाल्यांच्या डब्यात अजून निघतात. बेळगावात खडे बाजार भागात किंवा कोल्हापुरात व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करणारा एखादा वयस्कर माणूस शोधा. तो मराठीत बोलेल किंवा कन्नडमध्ये, "कंडेन्सर" दोन्हीत कंडेन्सरच आहे.

आता तो अपग्रेड. कोल्हापूरच्या दुकानदाराचं सगळंच चुकीचं आहे असं नाही, पण तो तुमच्या पेटीला दुसऱ्याच पेटीचं औषध देतोय. कार्ट्रिज म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग. तुमच्या आर्मच्या टोकाला आता सिरॅमिक कार्ट्रिज असणार, किंवा त्याहून जुनं क्रिस्टलचं. सिरॅमिक कार्ट्रिज पाव-अर्ध्या व्होल्टचा सिग्नल देतं आणि तो थेट अ‍ॅम्प्लिफायरला पुरतो. मॅग्नेटिक कार्ट्रिज देतं चार-पाच मिलिव्होल्ट, म्हणजे जवळपास शंभरावा भाग. त्याला आधी वेगळा प्रीअ‍ॅम्प लागतो, जो आवाज वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज परत भरून काढतो. तो तुमच्या पेटीत नाही. शिवाय चुंबकाच्या कार्ट्रिजला मोटरच्या जवळपणाचा गुणगुणाट ऐकू येतो, रबरी चाकाची घरघर ऐकू येते. आणि सर्वांत महत्त्वाचं, ते कार्ट्रिज दोन-अडीच ग्रॅम वजनावर चालण्यासाठी केलेलं असतं, आणि तुमचा आर्म पाच-सहा ग्रॅमवर चालण्यासाठी. एवढ्या हलक्या वजनात त्या आर्मला आर्म उचलणारी जीभ ढकलायचीही ताकद राहत नाही. बैलगाडीला मोटारसायकलचं इंजिन बसवून कोणी पळवलेली बघितली आहे का?

गॅरार्ड नाव वाचून दादांनी गूगल केलं असेल तर तेही सांगून टाकतो. इंग्लंडमध्ये 1915 साली ही कंपनी निघाली, कारखाना पुढं स्विंडनला गेला, मूळ घराणं राजघराण्याच्या सराफांचं. त्यांच्या 301 आणि 401 या थाळ्या, 1954 आणि 1965 सालच्या, आजही जगभर मोठ्या किमतीला जातात. तुमची ती नाही. तुमची घरगुती, रेकॉर्ड बदलणारी थाळी आहे. म्हणून कोणी "दुर्मीळ आहे, मी विकत घेतो" म्हणून गळ घातली तरी भुलू नका, आणि कोणी "कवडीमोल आहे" म्हटलं तरी ऐकू नका.

दादांच्या सूटकेसच्या पेटीबद्दल. मनातून देतायत, त्यांना दुखवू नका. पण खोक्यावर 78 लिहिलेलं असलं तरी बघा, सुई कुठली आहे. एलपीची, म्हणजे 33 च्या रेकॉर्डची, सुई टोकाला सुमारे 18 मायक्रॉनची, आणि 78 च्या जुन्या रेकॉर्डची खोबण कितीतरी रुंद, तिला 75 मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई जुन्या रेकॉर्डच्या खोबणीच्या तळाशी साचलेल्या मळात फरफटत जाते, आणि खरखरच ऐकू येते. तुमच्या निम्म्या रेकॉर्डी जड आहेत म्हणता, म्हणजे त्या 78 च्याच. चांगल्या नावाजलेल्या कित्येक थाळ्यांवर 78 नसतंच. टेक्निक्सची ती प्रसिद्ध एसएल-1200 एमके2, 1979 ची, तिच्यावर फक्त 33 आणि 45. दादांना खरंच पैसे घालायचे असतील तर त्यांना सांगा, एलपीसाठी पट्ट्यावर किंवा डायरेक्ट ड्राइव्हवर चालणारी एखादी चांगली जुनी थाळी घ्या, मॅग्नेटिक कार्ट्रिज आणि प्रीअ‍ॅम्पसकट. तिथं दुकानदाराची सगळी औषधं लागू पडतात, ब्लूटूथही. बाबांची पेटी 78 साठी राहील. दोघांचंही समाधान.

म्हणजे बाबांच्या पेटीत नवं काय घालायचं? रबर, ग्रोमेट, कंडेन्सर, वायर आणि सुई. एवढाच अपग्रेड.

सुईवरूनच मी बाबांकडं येतो, कारण इथं तुमच्या बेताला माझी हरकत आहे. न सांगता करू नका. "असू दे की तसंच" हे तुम्ही नकार म्हणून वाचलंत. मला त्यात दुसरं दिसतं. पंचवीस वर्षांपूर्वी ती बंद का पडली, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. सुई संपली होती? कोणी गेलं होतं घरातलं? दुकानदाराला विचारलंत, इलेक्ट्रिशियनला विचारलंत, मला विचारलंत. मास्तरांना विचारलं का? ऐंशी वर्षांच्या माणसाची एक वस्तू अचानक घरातून नाहीशी झाली तर चार दिवस तो काय समजेल, याचाही विचार करा. आणि व्यवहारानं बघितलं तरी, या घरात त्या पेटीबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस तोच आहे. कुठला खटका हळू दाबायचा, कुठली रेकॉर्ड अडकते, आणि जास्तीची सुई कुठं ठेवली आहे. हो, असणारच. त्या पिढीतल्या मास्तरांनी सुईची डबी टाकलेली मी अजून बघितलेली नाही. कपाटाच्या खणात, पेन्शनच्या कागदांखाली बघा. सोहळ्याच्या दिवशी काय लावायचं तेवढं गुपित ठेवा. तुमची हौस भागेल.

कार्ट्रिजच्या बाजूला एखादी छोटी दांडी फिरते का बघा, तिच्यावर एकीकडं 78 आणि दुसरीकडं एलपी असं लिहिलेलं असतं. दोन टोकांना दोन सुया. कुठली रेकॉर्ड त्याप्रमाणं फिरवायची. कार्ट्रिज क्रिस्टलचं असेल तर ते बहुधा मेलेलं असेल. आतला रोशेल मिठाचा खडा दमटपणानं खलास होतो, आणि खानापूरच्या पावसाबद्दल मी काय बोलायचं. मग बदलून सिरॅमिक घ्यायचं, दोन सुयांचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा बेंगळूरला एस. पी. रोडला विचारणा करा. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुने भाग निघतात, पण तिथं सुई भिंगाखाली बघितल्याशिवाय घेऊ नका. नीलमणी सुई पन्नासेक तासांत झिजते, हिऱ्याची पाचशे तासांपुढं जाते. झिजलेली सुई छिन्नीसारखी होते आणि रेकॉर्ड कायमची तासून काढते. उड्या मारतात म्हणून आर्मवर नाणं ठेवायची जुनी सवय बाबांना असेल तर प्रेमानं सोडवा. जुनं चार आण्याचं नाणं म्हणजे साधारण अडीच ग्रॅम, निम्मं वजन वाढलं की! वजन मोजायला छोटा डिजिटल काटा मिळतो, किंवा ओळखीच्या सराफाला विचारा.

रेकॉर्डी धुताना एकच लक्षात ठेवा, आणि हे पुसटसं नको, पक्कं. चाक-दांडा पुसायला जे अल्कोहोल सांगितलं ते 78 च्या रेकॉर्डला लावायचं नाही. त्या लाखेच्या असतात, बांगडीच्या लाखेच्याच भावंडं, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लहानपणी मी एका शेजाऱ्यांची नाट्यगीताची रेकॉर्ड "चांगली स्वच्छ" करून दिली होती. चकाकी जाऊन ती पाटीसारखी झाली. ते बिचारे काही बोलले नाहीत, त्यानंतर मला घरात बोलावलंही नाही. डिस्टिल्ड पाणी, त्यात साध्या पातळ साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, खोबणीच्या दिशेनं. मधलं लेबल भिजू द्यायचं नाही. मग उभ्या ठेवून सावलीत वाळवायच्या. फोटोत त्या आडव्या थप्पीत आहेत आणि थप्पी खिडकीत आहे, ती आजच हलवा. लाखेच्या वजनानं तडकतात, एलपी उन्हानं वाकडी होते. आणि आपोआप बदलते म्हणून सहा-सहा रेकॉर्डी एकावर एक चढवू नका. 78 ची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, उठून बदलावी.

पेटी बेळगावला आणायची तर बसनं नको. रस्त्यानं येताना थाळी काढून वेगळी गुंडाळा, आर्म सुती दोऱ्यानं त्याच्या खुंटीला बांधा, थाळीच्या पाटीवर कोपऱ्यात दोन मोठे स्क्रू दिसतील ते प्रवासासाठीच असतात. ते फिरवून स्प्रिंगवरची पाटी घट्ट करा, आणि घरी गेल्यावर पुन्हा सैल. हे विसरतात आणि मग घरघर आली म्हणून मलाच फोन करतात.

बाबांना सोबत आणा. रबर चढवायला दोन-तीन दिवस लागतील, तोवर ते इथं पाहुण्यांकडं राहतील, कुंदा खातील. त्यांना चाक हातात घेऊन लेथसमोर उभं करायची जबाबदारी माझी.

आणि फोटोत पेटीच्या झाकणावर तुळशीची कुंडी आहे, खाली पाण्याचा डाग दिसतोय. ती आधी उचला.